गुंतवणुकीचा श्रीगणेशा वाचनालयातून: फुकट काय मिळतं, आधी काय वाचावं?

पंचगंगा

पहिला पगार हातात पडला की आठवड्याभरात डीमॅट खातं, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं खातं, उघडणारी मुलं-मुली आता आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातल्या डीमॅट खात्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला आणि त्यानंतरही ते वाढतच आहेत. मोबाइलवर खातं लगेच उघडतं. पण शेअर म्हणजे नक्की कशाचा हिस्सा, म्युच्युअल फंडाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) कशी ठरते, मुदत ठेवीच्या ७ टक्क्यांतून कर आणि महागाई वजा केली की हातात काय उरतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ही पोकळी ज्यांच्या लक्षात आली आहे ते पंधरा-वीस हजारांचा 'कोर्स' घेऊन दारात उभे असतात.

हा धागा काढण्याचं कारण एवढंच, की कोर्सला पैसे भरण्याआधी आपल्या गावच्या वाचनालयात जा. तिथे बसलेल्या कुणालाही तुमच्या गुंतवणुकीतून कमिशन मिळत नाही. शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बाहेर या विषयावर जे जे कानावर पडतं, त्यातल्या बहुतेकांना शेवटी तुमच्याकडून काहीतरी विकत घ्यायला हवं असतं.

महाराष्ट्रात आपण या बाबतीत नशीबवान आहोत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, आमच्या कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्यात, अगदी छोट्या गावांतही शासनमान्य वाचनालयं उभी राहिली. पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी आणि अनामत लागते, तीही बहुतेक ठिकाणी परवडण्यासारखी असते. वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसायला मात्र बहुतेक ठिकाणी काहीच द्यावं लागत नाही. मुंबईत धोबी तलावावर १८४५ साली सुरू झालेल्या एका ग्रंथालयाच्या नावातच 'पीपल्स फ्री रीडिंग रूम' आहे.

तिथे जाऊन काय करावं, यात माझं ठाम मत आहे. पहिल्या दिवशी 'शेअर बाजारातून करोडपती' छापाचं पुस्तक हातात घेऊ नये. आधी जुनी वर्तमानपत्रं वाचावीत.

मोठ्या, जुन्या ग्रंथालयांत दैनिकांच्या बांधीव फायली असतात. सगळीकडे नसतात, ग्रंथपालांना विचारावं लागतं. डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ ची फाईल मागा आणि फक्त अर्थविषयक पानं वाचा. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१,००० च्या वर गेलेला आहे, जाणकार पुढचे आकडे सांगताहेत, वीजनिर्मिती कंपनीच्या एका प्रचंड आयपीओच्या (लोकांना पहिल्यांदाच शेअर विकायला काढण्याच्या) पानभर जाहिराती आहेत. कोण काय म्हणालं ते वहीत लिहून घ्या. मग २००८ च्याच ऑक्टोबरची फाईल उघडा. तोच सेन्सेक्स महिनाअखेरीला काही काळ ८,००० च्याही खाली आलेला दिसेल. पुढे २०१० च्या दिवाळीची फाईल काढा, तिथे तो पुन्हा २१,००० ला पोचलाय. माथ्यावर पैसे घालून शांत बसलेल्याला मुद्दल दिसायला जवळपास तीन वर्षं लागली, आणि मधे घाबरून विकलेल्याला ते दिसलंच नाही.

'बाजारात जोखीम असते' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थच पोचत नाही. फाईल वाचताना तो पोचतो, कारण पुढे काय झालं हे आपल्याला माहीत असतं आणि लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं.

१९९२ चीही फाईल मिळाली तर बघा. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची स्टेट बँकेतल्या गैरव्यवहाराची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. त्याच महिन्यात सेन्सेक्स ४,४६७ पर्यंत गेला होता आणि वर्षभरात तो निम्म्याहून खाली आला. बातमीच्या आधीच्या पंधरवड्यातली पानं मुद्दाम वाचा. उत्साह कसा दिसतो ते तिथे कळतं.

बाकी पुस्तकांबद्दल इथले जाणते सांगतीलच. तुमच्या वाचनालयात या विषयाचं काय काय आहे तेही लिहा.

---

खतावणी

पंचगंगाताई, धागा उत्तम. जन्म सहकारी बँकेत गेला, नंतर लेखापरीक्षणाची कामं केली, म्हणून एक भर घालतो.

कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला शिका, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. नवा माणूस मोठ्या कंपनीचा चारशे पानी इंग्रजी अहवाल उघडतो आणि दहाव्या पानावर मिटतो. त्यापेक्षा आपल्या घरी दरवर्षी येणारा अहवाल घ्या. पतसंस्थेचा, सहकारी बँकेचा, गृहनिर्माण सोसायटीचा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात हे अहवाल घरोघर येतात आणि सभेची सूचना वाचून रद्दीत जातात. मराठीत असतात, वीस-पंचवीस पानांचे असतात, आणि त्यात तेच सगळं असतं: ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचा अहवाल. वाचनालयातून हिशेबशास्त्राचं अकरावी-बारावीचं पाठ्यपुस्तक आणा, ते शेजारी ठेवा, आणि अहवालातली एकेक ओळ लावत जा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत, तेव्हा वाचनालयात नसलं तरी अडत नाही.

पतसंस्थेच्या अहवालात मी काय बघतो ते सांगतो.

एकूण ठेवी आणि एकूण कर्जं यांचं प्रमाण. शंभर रुपये ठेवींतले जवळजवळ सगळेच कर्जाऊ दिले असतील, तर उद्या ठेवीदार दारात आले की द्यायला रोकड कुठून येणार?

मग थकबाकी. टक्केवारी तर बघाच, पण मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. अहवालात दोन्ही वर्षांचे रकाने असतात ते त्यासाठीच. एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जांचा आकडा, कमी झाला असेल तर तो वसुलीने झाला, की नवीन कर्जं भरमसाट वाटून टक्केवारी पातळ केली?

लेखापरीक्षण वर्ग: अ, ब, क, ड. 'अ' वर्ग पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तो खाली आला असेल तर शोधावा लागतो.

आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं. हा आकडा अहवालात सापडला नाही तर सभेत उभं राहून विचारायचा. सभासदाचा तो हक्क आहे.

आता खरं कळकळीचं. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं विमासंरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत आहे. त्याआधी १९९३ पासून १ लाखच होतं. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण शून्य आहे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी निवृत्त लोकांना हे माहीत नसतं. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम तिथे ठेवतात. ते दोन टक्के जोखमीचा मोबदला असतो, हे त्यांना कुणीतरी बसवून सांगायला हवं. चांगल्या चाललेल्या पतसंस्था पुष्कळ आहेत, त्यांच्यामुळे छोट्या दुकानदारांची सोय होते, म्हणून मी त्यांच्या विरोधात नाही. पण सगळी पुंजी एका जागी नको, आणि अहवाल वाचल्याशिवाय तर मुळीच नको.

---

सदाशिवपेठी_अभ्यासिका

विषय आवडला, पण थोडा विरोधी सूर लावतो. मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो, दिवसभर अभ्यासिकेतच असतो. आमच्या ग्रंथालयात गुंतवणुकीचं कपाट आहे, पण त्यातली निम्मी पुस्तकं पंधरा-वीस वर्षांपूर्वीची आहेत. एकात शेअर प्रमाणपत्र पोस्टाने कसं पाठवायचं याचं आख्खं प्रकरण आहे. अशी पुस्तकं वाचून माणूस चुकीचंच शिकणार नाही का? यूट्यूबवर निदान आजचे नियम तरी सांगतात. मराठीत चांगली समजावणारी माणसंही आहेत तिथे.

---

पंचगंगा

@सदाशिवपेठी_अभ्यासिका, प्रश्न अगदी रास्त आहे. यूट्यूब बघू नका असं मी म्हणणार नाही. पण पुस्तकातलं काय शिळं होतं आणि काय होत नाही, हे ओळखता आलं की जुनं कपाटही उपयोगी पडतं.

करांचं प्रकरण सगळ्यात आधी शिळं होतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानं शेअर आणि इक्विटी फंडांवरचा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर १० वरून १२.५ टक्के केला, करमुक्त मर्यादा १ लाखावरून १.२५ लाख केली, आणि अल्पकालीन कर १५ वरून २० टक्क्यांवर नेला. त्याआधी छापलेल्या प्रत्येक पुस्तकातलं हे पान आज चुकीचं आहे. व्यवहाराच्या पद्धतीही बदलतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. जानेवारी २०२३ अखेरीपासून सगळ्या शेअरांचा व्यवहार सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजी दिवशी पूर्ण होतो, जुन्या पुस्तकांत दोन दिवस लिहिलेले असतात. पोस्टाच्या योजनांचे व्याजदरही असेच, दर तिमाहीला सरकार ते जाहीर करतं.

चक्रवाढ मात्र बदलत नाही. ७२ ला व्याजदराने भागलं की दामदुप्पट व्हायची वर्षं कळतात, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही बरोबर आहे. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, म्हणजे पैसे दुप्पट व्हायला साधारण दहा वर्षं. आता कुणी महिन्याला ५ टक्के देतो म्हणाला तर तेच गणित त्याला लावा: ७२ भागिले ५, म्हणजे चौदा-साडेचौदा महिन्यांत दुप्पट. जे सरकारी हमीवर दहा वर्षांत होतं ते हा माणूस सव्वा वर्षात कशातून करणार आहे, हा प्रश्न आपोआप तोंडात येतो.

खर्चाचं गणितही तसंच टिकाऊ आहे. १ लाख रुपये वीस वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण ९ लाख ६५ हजार होतात, ११ टक्क्यांनी वाढले तर ८ लाख ६ हजार. एका टक्क्यानं दीड लाखाहून जास्त फरक. म्युच्युअल फंडाच्या 'डायरेक्ट' (थेट घेतलेल्या, वितरकाचं कमिशन नसलेल्या) आणि 'रेग्युलर' (वितरकामार्फत घेतलेल्या) योजनांमध्ये खर्चाचा जो फरक असतो तो असा साठत जातो. डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून आल्या, त्याआधीच्या पुस्तकांत त्या नसणारच. पण खर्च का महत्त्वाचा हे त्या पुस्तकातून कळलं असेल, तर डायरेक्ट योजना का बरी हे एका ओळीत समजतं.

म्हणून मी पुस्तक उघडलं की आधी आवृत्तीचं वर्ष बघते. पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर करांची आणि कागदपत्रांची प्रकरणं सोडते, बाकीचं वाचते.

---

दाखल_क्रमांक

मी तालुक्याच्या ठिकाणी ग्रंथपाल आहे. कपाटासमोरून काही व्यवहारातल्या गोष्टी.

जिथे ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन, पुस्तकं लावलेली असतात, म्हणजे महाविद्यालयं, शासकीय जिल्हा ग्रंथालयं आणि काही मोठी सार्वजनिक ग्रंथालयं, तिथे गुंतवणूक ३३२.६ वर सापडेल. घरगुती आर्थिक नियोजन ३३२.०२४ वर, हिशेबशास्त्र ६५७ वर. हे तीन आकडे लिहून ठेवा. ही पुस्तकं शेजारी शेजारी नसतात, त्यामुळे एका फळीवर बघून 'इथे काही नाही' म्हणून परत जाणारे वाचक मी रोज बघते. आमच्यासारख्या छोट्या वाचनालयांत दाखल क्रमांकाने, म्हणजे पुस्तक ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने, रचना असते. तिथे स्वतः शोधत बसू नका, आम्हाला विचारा. अर्थशास्त्र, वाणिज्य, 'माहितीपर' आणि कधीकधी 'व्यक्तिमत्त्व विकास' अशा चार ठिकाणी ही पुस्तकं विखुरलेली असतात.

दुसरं, मागणीची वही. जवळपास प्रत्येक वाचनालयात वाचकांच्या सूचनांची किंवा मागणीची वही असते. कादंबऱ्यांची नावं भरभरून येतात, गुंतवणुकीचं पुस्तक क्वचित कुणी मागतं. अनुदानातून वर्षाची खरेदी करताना आम्ही ती वही समोर ठेवतो. तीन-चार वाचकांनी एकच नाव लिहिलं असेल तर समितीपुढे मांडायला मला आधार मिळतो. सदाशिवपेठी, तुमच्या ग्रंथालयातलं कपाट जुनं असेल तर त्या वहीत लिहा, नवीन आवृत्ती असं स्पष्ट लिहा.

तिसरं थोडं दूरचं. १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबईत टाऊन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पाठवणं प्रकाशकांवर बंधनकारक आहे. एखादं जुनं मराठी पुस्तक कुठेच मिळत नसेल तर तिथे चौकशी करा. घरबसल्या हवं असेल तर आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, त्याची नोंदणी मोफत आहे आणि वाणिज्य शाखेचं अभ्याससाहित्य तिथे भरपूर आहे.

---

जालन्याची_सून

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं शिक्षण बारावी कला, इंग्रजी फारसं जमत नाही. घरखर्चातून वाचवलेले आणि शिवणकामाचे मिळून थोडे पैसे आहेत, आजवर भिशीत टाकत आले. आमच्या वाचनालयात बायका दिवाळी अंक आणि कादंबऱ्या न्यायला येतात, मीही त्यातलीच. मला मराठीतून अगदी पहिल्या पायरीपासून काय वाचता येईल? आणि म्युच्युअल फंडाच्या आधी काही शिकायला हवं का? नणंदेचा मुलगा म्हणतो लगेच एसआयपी (दरमहा ठरावीक रक्कम फंडात) सुरू कर मामी, बाकी नंतर कळेल.

---

खतावणी

ताई, भिशी चालवणाऱ्या बायकांना पैशाची शिस्त शिकवावी लागत नाही, ती तुमच्याकडे आहेच. आता फक्त क्रम सांगतो.

पहिल्यांदा अडीअडचणीचे पैसे. चार-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात. घरात कमावणारा जो आहे त्याचा साधा मुदतीचा विमा आणि सगळ्यांचा आरोग्यविमा. हे झाल्याशिवाय भाचा कितीही म्हणाला तरी बाजाराकडे वळू नका. एसआयपी वाईट नाही, पण मधेच दवाखाना आला आणि बाजार पडलेला असताना पैसे काढावे लागले तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

वाचायला मराठीत सरकारी यंत्रणांचं साहित्य आहे, आणि ते फुकट आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची आर्थिक शिक्षणाची पुस्तिका मराठीतही आहे, तिच्या गुंतवणूकदारांसाठीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. बचत, विमा, कर्ज, पोस्टाच्या योजना, शेअर, फंड, फसवणूक असं सगळं थोडक्यात आहे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचं साहित्यही बघा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाची एक चित्रमय पुस्तिका आहे, फसवणुकीचे चाळीस प्रकार गोष्टींमधून सांगणारी. ती तर घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी. छापील प्रती हव्या असतील तर ग्रंथपालांना प्रिंट काढून ठेवायला सांगा, तुमच्यानंतर येणाऱ्या बायकांनाही उपयोग होईल.

वर्तमानपत्रांत लोकसत्तेची 'अर्थवृत्तान्त' पुरवणी सोमवारी येते, वाचनालयात टेबलावर असतेच. सुरुवातीला अर्धं कळणार नाही. न कळलेला शब्द वहीत लिहा आणि ग्रंथपालांना कोश मागा. महिन्याभरात तेच शब्द पुन्हापुन्हा येतायत हे दिसेल.

---

दाखल_क्रमांक

@जालन्याची_सून, तुमच्या ग्रंथपालांना आणखी एक सांगा. सेबीने प्रशिक्षित केलेले प्रशिक्षक असतात, त्यांना 'स्मार्ट्स' म्हणतात. संस्थेने बोलावलं तर गुंतवणुकीची प्राथमिक माहिती ते मोफत देतात आणि कुठलीही योजना विकत नाहीत. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्रही असे वर्ग घेतं. वाचनालयाकडे सभागृह असतंच. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आपण सगळे करतो, त्या दिवशी ग्रंथप्रदर्शनासोबत असा एक वर्ग ठेवता येतो. फक्त ग्रंथपालांनी एक काळजी घ्यावी. 'मोफत मार्गदर्शन' म्हणून येणारा माणूस विमा किंवा फंड विकणारा नाही ना, हे आधी लेखी विचारून घ्यावं. वाचनालयाच्या व्यासपीठावर उभा राहिला की लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात, आणि त्या विश्वासाची जबाबदारी आमच्यावर येते.

---

हडसनपार

न्यू जर्सीतून. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांबद्दल लिहितो, कारण इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींनाही हे माहीत नसतं.

अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत कार्ड असेल तर मॉर्निंगस्टार आणि व्हॅल्यू लाइन ही व्यावसायिक संशोधनसाधनं फुकट वापरता येतात, बऱ्याच ठिकाणी घरून कार्ड क्रमांक टाकूनसुद्धा. स्वतः घ्यायला गेलं तर वर्षाला शेकडो डॉलर लागतात. व्हॅल्यू लाइनमध्ये एका कंपनीचा अनेक वर्षांचा इतिहास एका पानावर असतो: विक्री, नफा, लाभांश, कर्ज. मी कंपन्या वाचायला त्या पानांवरून शिकलो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं व्यवसायविषयक केंद्र मॅनहॅटनमध्ये आहे, तिथे पैशांच्या नियोजनाचं समुपदेशनही मोफत मिळतं. वॉरेन बफे यांनी लहानपणीच ओमाहाच्या ग्रंथालयातली गुंतवणुकीवरची सगळी पुस्तकं वाचून काढली होती, असं ते स्वतः सांगत आलेत.

इथल्या ग्रंथपालांची एक शिस्त मला फार आवडते. कोणता फंड घेऊ असं विचारलं तर ते उत्तर देत नाहीत, तुलना करायचं साधन उघडून देतात आणि ते वापरायला शिकवतात.

भारतात अशी सशुल्क साधनं सार्वजनिक वाचनालयांत नाहीत याची खंत वाटते. पण भारतातल्या नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) किती शेअर गहाण टाकलेत याची माहिती, हे सगळं बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कुणालाही फुकट बघता येतं. मी इथून बघतो. वाचनालयात इंटरनेट असेल तर ग्रंथपालांनी वाचकांना एवढी दोन संकेतस्थळं दाखवली तरी पुष्कळ आहे.

---

मांडवीकाठ

गोव्यातून छोटीशी भर. पणजीत पाटोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ स्थापना १८३२ ची. मराठी, कोंकणी, इंग्रजी, पोर्तुगीज सगळं एका छताखाली. मी दुपारी तिथे अर्थविषयक दैनिकं वाचतो. खतावणीकाकांचा अहवालाचा सल्ला आमच्याकडच्या सहकारी संस्थांनाही तंतोतंत लागू आहे. वाचनखूण साठवली.

---

सदाशिवपेठी_अभ्यासिका

पंचगंगाताई, तुमच्या उत्तरानंतर काल आमच्या कपाटातली दोन पुस्तकं काढली आणि करांची प्रकरणं वगळून वाचायला सुरुवात केली. चक्रवाढीचं आणि विभागणीचं प्रकरण खरंच चांगलं आहे, मुद्दा मान्य.

आता माझ्या आजूबाजूचं सांगतो. अभ्यासिकेतली बरीच मुलं परीक्षेचा निकाल लांबला की ऑप्शन्सकडे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांकडे, वळतात. टेलिग्रामवर ग्रुप असतात, रोज सकाळी 'कॉल' (काय घ्यायचं, काय विकायचं याच्या सूचना) येतात. घरून आलेले मेसचे पैसे त्यात जातात. त्यांना वाचनालयाचं सांगितलं तर 'एवढा वेळ कुणाकडे आहे' म्हणतात. अशांना काय दाखवावं?

---

पंचगंगा

त्यांना एक आकडा दाखवा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या बाजारात उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर, खर्चासह सरासरी माणशी साधारण २ लाख. सेबीच्या संकेतस्थळावर तो मोफत वाचता येतो. त्याची प्रिंट काढून अभ्यासिकेच्या फलकावर लावायची परवानगी व्यवस्थापकांकडे मागा. ही मुलं रोज आकडेवारी वाचून परीक्षेची उत्तरं लिहितात, त्यांना ती वाचता येते. फक्त ती त्यांच्यासमोर कुणी ठेवलेली नाही.

टेलिग्रामवाल्याला विचारायचा प्रश्न: तुमचा सेबीचा नोंदणी क्रमांक काय? गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने. म्युच्युअल फंड वितरकाकडे 'एआरएन' असतो. क्रमांक दिला तरी तो सेबीच्या यादीत स्वतः ताडून बघायचा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही असतात. ठेवी गोळा करणारं कुणी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तपासता येतं आणि तक्रारही करता येते. २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाच आहे.

आणि ज्याला खरंच शिकायचं आहे त्याच्यासाठी, सेबी आणि तिची प्रशिक्षण संस्था एनआयएसएम यांची गुंतवणूकदारांसाठी मोफत प्रमाणपत्र परीक्षा आहे, ऑनलाइन. अभ्यासाचं पुस्तकही मोफत. एनआयएसएमचं संकुल आपल्या रायगड जिल्ह्यातच, पाताळगंगेला आहे. परीक्षेची सवय असलेल्या मुलांना ही वाट पटकन पटेल. तुम्ही चार-पाच जण मिळून द्या, बाकीचे बघतील.

---

सदाशिवपेठी_अभ्यासिका

ही परीक्षा माहीतच नव्हती. आजच नोंदणी करतो, खोलीतल्या दोघांनाही करायला लावतो. सेबीच्या त्या अभ्यासाची प्रिंट काढून व्यवस्थापकांना दाखवली, फलकावर एक कोपरा देतो म्हणाले.

---

जालन्याची_सून

सेबीची पुस्तिका ग्रंथपालांनी प्रिंट करून दिली, विम्याच्या प्रकरणापर्यंत आले आहे. भाच्याला सांगितलं की आधी आरोग्यविमा, एसआयपी त्यानंतर.

खतावणीकाका, एक विचारायचं होतं. आमच्या भिशीतल्या काहीजणींची ठेव गावातल्या पतसंस्थेत आहे. तिचा मागच्या वर्षीचा अहवाल एकीच्या घरी सापडला, तो घेऊन आम्ही पाचजणी वाचनालयात बसलो. ठेवी आणि कर्जांचे आकडे मिळाले. पण थकबाकीपुढे दोन आकडे आहेत, 'ढोबळ एनपीए' ९ टक्के आणि 'निव्वळ एनपीए' २ टक्के. संस्थेचा माणूस म्हणतो दोनच टक्के आहे, काळजी करू नका. यातला कोणता धरायचा?

---

खतावणी

ताई, पाचजणी मिळून बसलात हे वाचून फार बरं वाटलं.

दोन्ही आकडे बघायचे, पण आधी ढोबळ. शंभर रुपयांच्या कर्जातले नऊ रुपये वेळेवर परत येत नाहीत, हे ढोबळ सांगतो. त्यासाठी संस्थेने नफ्यातून बाजूला काढलेली तरतूद वजा केली की निव्वळ उरतो. म्हणजे निव्वळ दोन टक्के असण्याचा अर्थ इतकाच, की बुडालं तर सोसायची तयारी संस्थेने बऱ्यापैकी केली आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण कर्ज देताना माणसं नीट पारखली का, याचं उत्तर नऊच्या आकड्यात आहे.

आता तीन गोष्टी शोधा. ताळेबंदाच्या देणी बाजूला 'बुडीत व संशयित कर्ज निधी' किंवा 'एनपीए तरतूद' अशी ओळ असेल, ती रक्कम मागच्या वर्षीपेक्षा वाढली की कमी झाली ते बघा. नफा-तोटा पत्रकात या वर्षी तरतुदीसाठी किती काढले ते बघा. आणि लेखापरीक्षकांच्या अहवालात 'तरतूद कमी केली आहे' असा शेरा आहे का ते शोधा. तसा शेरा असेल तर दोन टक्के हा आकडा खरा धरू नका.

या वर्षीचा अहवाल ऑगस्टअखेर येईल. तो आला की दोन्ही वर्षांचे आकडे इथे लिहा, फक्त संस्थेचं नाव लिहू नका. आपण मिळून बघू. आणि सभेला पाचहीजणी जा.